बावडीच्या पाण्याची छाप

सूर्याजीराव धुमाळांचा दौलतगंजात फोटोचा कारखाना होता. कारखाना आपला नावाला. होती एक माडी, मागे रंगवलेला पडदा, कमळाच्या नक्षीची एक खुर्ची आणि तिपाईवर कॅमेरा. तरी लष्कर या आमच्या शहरातल्या निम्म्या घरांतले नवरानवरी त्या खुर्चीपाशी एकदा तरी डोळे वटारून उभे राहिलेले आहेत. मीही राहिले आहे. ‘श्वास सोडा, पण हलू नका’ असं ते सांगायचे, आणि नवऱ्या मुली श्वासही सोडत नसत.

त्यांचे आजोबा दख्खनेतून शिंद्यांच्या पागेबरोबर आले. वडीलही पागेतच होते. सूर्याजीराव तरुणपणी घोड्यावरून पडले, कंबर कायमची दुखावली आणि पागेची वाट बंद झाली. दुसरा कुणी आयुष्यभर त्याचं रडगाणं गात बसला असता. हे उठले, झाशीच्या छावणीतल्या एका फोटोवाल्याकडे राहिले आणि काम शिकून परत आले. धुमाळांच्या घरातली तलवार गेली आणि तिपाई आली, असं भाऊबंद तोंडावर म्हणत. त्यावर ते म्हणत, तलवारीनं माणसं कमी होतात, माझ्या तिपाईनं एकाची बारा होतात.

मला खोट्या नम्रतेचा फार राग येतो. सूर्याजीरावांना आपल्या कामाचा गर्व होता आणि तो त्यांना शोभत होता. मुलींच्या आया फोटो बघून म्हणायच्या, जरा गोरी करून द्या ना, पाहुण्यांकडे पाठवायचा आहे. ते कधीही करून देत नसत. उन्हानं जेवढं दिलं तेवढंच कागदावर येईल, त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यापायी किती गिऱ्हाईकं गेली असतील कोण जाणे. त्यांची बायको मंदाताई कपाळाला हात लावायची, पण लावताना हसायची.

त्या वेळी फोटोचा कागद उन्हातच छापायचे. काचेखाली कागद दाबून उन्हात ठेवायचा, तो हळूहळू जांभळा काळा होत जायचा, मग औषधाच्या पाण्यातून काढायचा म्हणजे पुढे काळवंडत नाही. दौलतगंजातल्या माडीवर शेजारच्या हवेलीची सावली पडायची, म्हणून छपाईचं काम ते दाना ओली या आमच्या गल्लीतल्या राहत्या घराच्या गच्चीवर करत. त्या गच्चीला आमची गच्ची लागून होती. मी नवी सून होते, पापड कुरडया राखायला मला वर पाठवत. पापडांवर एक डोळा आणि धुमाळांच्या गच्चीवर एक, अशा माझ्या तिशीपर्यंतच्या सगळ्या दुपारी गेल्या आहेत. त्यामुळे हे जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

आमच्या ओलीच्या मागे एक बावडी होती. नळाचं पाणी घरोघर यायला अजून अवकाश होता, त्यामुळे पिणं, रांधणं, देवपूजा सगळं त्या बावडीवर. खोल होती, तीन बाजूंनी उंच भिंती आणि एका बाजूनं उतरत्या पायऱ्या. वर एक पिंपळ आणि बेलाची दोन झाडं. थंडीत ऊन कलतं असलं की पाण्यापर्यंत पोचायचंच नाही, भिंतीवरच अडकून परत जायचं. वैशाख ज्येष्ठात मात्र ऊन डोक्यावर आलं की थेट पाण्यात उतरायचं.

या बावडीच्या पाण्याची एक तऱ्हा होती. पावसाळ्यात गढूळ व्हायचं, त्यात नवल नाही. आश्विनात गाळ खाली बसायचा आणि पाणी निवळायचं, पण पांढऱ्या कल्हईच्या पातेल्यात ओतलं की पिवळट दिसायचं. कार्तिकात फिक्या चहासारखं व्हायचं. तुरटी फिरवा, फडक्याच्या चार घड्यांतून गाळा, रंग काही हटत नसे. थंडीभर तसंच चालायचं. फाल्गुन संपता संपता ते फिकं होऊ लागायचं आणि गंगादशहऱ्याच्या सुमाराला तर खालच्या पायऱ्या लख्ख दिसायच्या. तेव्हा बायका हात जोडून म्हणत, गंगामाई आली. आणि कार्तिकात पाणी पुन्हा पिवळं झालं की बोट दाखवत ननकू छीपाकडे.

ननकू रंगारी होता. बावडीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, बावडीच्याच जागेवर त्याचं घर होतं. आजापासून तिथेच. ओढण्या, साफे, पगड्या रंगवायचा, आणि अंगणात दोरीवर मोतिया, गुलाबी, आसमानी कापडं वाळत असायची. आता रंगाऱ्याच्या शेजारच्या पाण्याला रंग आला म्हणजे दोष कुणाचा, हे सांगायला काशीहून पंडित कशाला आणायचा? लहान मुलांनासुद्धा ते पाठ होतं.

सूर्याजीरावांनाही आधी तेच वाटलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर फोटोंची गर्दी उसळायची आणि नेमके त्याच दिवसांत त्यांचे फोटो बावडीच्या पाण्यात धुतले की पांढरा भाग पिवळट पडायचा. नवऱ्याचा साफा मळका, नवरीचे दात मळके. एके वर्षी ते तणतणत ननकूकडे गेले. ननकूनं त्यांना आपल्या रंगाच्या नांदेपाशी नेलं आणि पाण्याची कावड दाखवली. म्हणाला, “भइया, मैं तो खुद कातिक से दूर स्वर्णरेखा नदी का पानी ढोता हूँ। बावड़ी के पानी में मोतिया रंगूँ तो मटमैला निकलता है।” ज्याचा धंदाच त्या पाण्यानं बिघडतो तो पाणी कशाला बिघडवील? सूर्याजीराव तिथून माफी मागून परतले. तणतणत गेले त्याच वेगानं माफीही मागितली, असं मंदाताई सांगायची.

मग काय असेल, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला. उत्तर सापडलं ते योगायोगानं. औषधं कालवायला ते पावसाचं पाणी बरण्यांत भरून ठेवत. गच्चीवर वारा सुटला म्हणून छपाईच्या एका रिकाम्या कागदावर वजन म्हणून दोन बरण्या ठेवल्या, एक पावसाच्या पाण्याची आणि एक बावडीच्या. चहा पिऊन वर येतात तो पावसाच्या बरणीखाली कागद जांभळा काळा झालेला, आणि बावडीच्या बरणीखाली फिका गोल. ऊन एकच, कागद एकच. बावडीचं पाणी उजेड मध्येच गिळत होतं.

त्या दिवसापासून दर महिन्याला त्यांचा एक उद्योग सुरू झाला. बरण्यांना भोवती काळं कापड गुंडाळायचं म्हणजे उजेड फक्त वरून शिरेल, उन्हाकडे कलती फळी, खाली कागदाची पट्टी. कार्तिकात बावडीच्या बरणीखाली कागद जवळजवळ कोरा राही. वैशाखात तोच कागद पावसाच्या पाण्याखालच्या इतकाच काळा होई. आमच्या ओलीत बातमी पसरली की फोटोवाला गच्चीवर काळी कापडं घालून काहीतरी करणी करतो. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, करणी नाही, उन्हाचं लोणचं घालतात. ते लोकांना जास्त खरं वाटलं.

पुढे एका बरणीत वाऱ्यानं पिंपळाची पानं पडली आणि तशीच राहिली. पंधरवड्यानं ते पाणी बावडीच्या पाण्यासारखंच पिवळं झालं, आणि त्याखालचा कागदही तसाच कोरा राहिला. तीच बरणी पानं काढून चैत्र वैशाख उन्हात राहिली, तर पाणी परत फिकं झालं. तेव्हा त्यांना सगळं उमगलं. पानांचा अर्क पाण्यात विरघळतो. तो गाळ नसतो, म्हणून बसत नाही आणि गाळला जात नाही. आणि ज्येष्ठातलं ऊन पाण्यात उतरून तो अर्क खाऊन टाकतं. मंदाताईनं मला गच्चीच्या कठड्यावरून हे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत: झाडावर असताना पान उजेड खातं, कुजून पाण्यात गेलं तरी त्याची सवय जात नाही. शेवटी ऊनच त्याला खातं.

पिंपळाची पानं बावडीत पडत, पण थोडी. खरी पानं पडत ती आमच्या हातांनी. श्रावणात महादेवाचा बेल, मंगळागौरीची पत्री, भाद्रपदात हरतालिकेची आणि गणपतीची पत्री. निर्माल्य कुणाच्या पायदळी येऊ नये म्हणून सगळं पाण्यात सोडायचं, ही आमची रीत. दख्खनेत गावाला नदी असते, तिथे सोडलं की वाहून जातं. इथे आमच्या आजेसासवांनी रीत तेवढी बरोबर आणली, नदी दारापाशी आणायची राहिली. सगळं त्या बंदिस्त बावडीत जायचं आणि तळाला कुजत राहायचं.

हे सूर्याजीरावांना कळलं होतं, पण ते बोलले नाहीत. देवाधर्मात बोलणारा मी कोण, असं त्यांनी मंदाताईला सांगितलं म्हणे. बोलायची वेळ आली ती माझ्या सासूबाईंच्या लाखोलीनंतर.

माझ्या सासूबाई, अनसूयाबाई, म्हणजे करारी बाई. सोवळं असं की सूर्यकिरणांनीसुद्धा विचारून आत यावं. त्या वर्षी त्यांनी महादेवाला बेलाची लाखोली, म्हणजे मोजून लाख पानं, वाहिली. श्रावणभर टोपल्या भरभरून बेल येत होता, वाहून झाला की बावडीत जात होता. त्या कार्तिकात पाणी असं झालं की तसं आधी कुणी पाहिलं नव्हतं. तुळशीच्या लग्नाच्या पंगतीत भात पिवळा निघाला. व्याही मंडळींनी विचारलं, केशर घातलंत का? आमचे मामंजी, लक्ष्मीकांतपंत, दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि बावडीच्या पंचांतले मुख्य. त्या एका प्रश्नानं त्यांचा पारा चढला. पंच बसले आणि ठरलं की ननकूनं संक्रांतीच्या आत घर खाली करावं.

ननकू बोलायला आला तर त्याला ओट्यावरही चढू दिलं नाही. तो पायऱ्यांपाशी उभा राहून एवढंच म्हणाला की माझा आजा इथे मेला, बाप इथे मेला, मी कुठे जाऊ? त्याची बायको नांदेला धरून रडत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तर आमच्याच देवघरात बसला होता.

मग सूर्याजीराव पुढे आले. पंचांची बैठक बावडीच्या ओट्यावर होती. ते पत्र्याच्या डबीत आपल्या वर्षभराच्या पट्ट्या घेऊन आले. पट्ट्या त्यांनी औषधात घातल्या नव्हत्या, कारण औषधानं छटा बदलते आणि बावडीच्या पाण्यात धुतल्या तर पिवळ्या पडतात. जशा उन्हानं दिल्या तशाच ठेवल्या होत्या. त्यांनी विनंती केली की आत, सावलीत बघू. मामंजी म्हणाले, पुरावा उजेडात बघायचा असतो, अंधारात काय चाललंय ते आम्हाला माहीत आहे. पट्ट्या हातोहात फिरू लागल्या. सूर्याजीराव ‘पालथ्या धरा, पालथ्या धरा’ म्हणत राहिले. पंचांचा वाद रंगला, पट्ट्या उन्हात राहिल्या आणि परत आल्या तेव्हा कार्तिक कुठला आणि वैशाख कुठला ते ओळखू येईना. सगळ्या सारख्याच काळ्या.

“धुमाळ, तुमचा साक्षीदार उलटला की,” मामंजी म्हणाले, आणि ओटा हसला.

सूर्याजीराव हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पट्ट्या डबीत भरल्या आणि शांतपणे सांगितलं की ननकूचं काम सर्वांत जास्त फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, होळी आणि लग्नसराईत. तो दोषी असता तर तेव्हा पाणी सर्वांत वाईट असायला हवं, आणि तेव्हाच ते सर्वांत स्वच्छ असतं. मामंजी म्हणाले, ती गंगेची कृपा. मग नाइलाजानं सूर्याजीरावांनी पत्रीचं नाव काढलं. माझं ऐकू नका, म्हणाले. तुमच्याच घरी, तुमच्याच सोवळ्यात, स्वच्छ पाण्यात बेल भिजत घालून बघा. मी हात लावणार नाही. नाही पटलं तर संक्रांतीला ननकूबरोबर मीही ही ओली सोडून जाईन.

हे शेवटचं वाक्य कुणी त्यांच्याकडे मागितलं नव्हतं. धुमाळांचं ते घर तीन पिढ्यांचं होतं. मंदाताईला हे बाहेरून कळलं, तेव्हा तिच्या हातून पीठ चाळायची चाळणी खाली पडली. पण ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. तिचंही मला तितकंच कौतुक आहे.

सासूबाई खिडकीआडून ऐकत होत्या. आत आल्या त्या पाय आपटत. महादेवाच्या बेलानं पाणी नासतं म्हणतो? मला म्हणाल्या, “शामले, याचं खोटं याच्याच पदरात घालते की नाही बघ.” हजीऱ्याला माझं माहेर, तिथल्या विहिरीचं पाणी स्वच्छ. ते कावडीनं आणवलं. मुरांब्याच्या दोन काचेच्या बरण्या राखेनं घासून, ओवळं कुणाचं लागू न देता देवघरात ठेवल्या. दोन्हीत पाणी, एकीत बेल. बेलसुद्धा एकेक पान धुऊन घातला. खोट काढायची तर पुरती काढायची, अर्धवट काम त्यांना जमत नसे. आणि दोन्ही बरण्यांवर झाकण ठेवून, मला ताकीद देऊन, त्या रोजच्या पूजेला लागल्या.

पहिले काही दिवस त्या पूजा झाली की माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत. मग बघेनाशा झाल्या. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर फुलं निवडत बसायची, तिथून बरणी दिसायची. आधी पाण्याला पिवळी झाक आली, मग ती दाट होत गेली. बेल नसलेल्या बरणीतून मागची समई स्वच्छ दिसायची. बेलाच्या बरणीतून तीच समई तेलकट दिसायची. एका सकाळी त्यांनी माळ हातात धरली होती आणि मणी पुढे सरकत नव्हता. विचारायची हिंमत त्या घरात मामंजींनाही नव्हती.

भोगीच्या दिवशी पंच पुन्हा बसले. पलीकडे ननकूनं बैलगाडीत नांदी चढवायला सुरुवात केली होती. सूर्याजीरावांनी या वेळी ओट्यावरच कलती फळी मांडली होती. तीन बरण्या, काळी कापडं, नवा कागद. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत बावडीचं, तिसरीत ननकूच्या नांदेतलं गुलाबी धुवण. कागद मामंजींच्या हातून ठेवून घेतला. ऊन चांगलं कडक होतं. बघता बघता पावसाच्या पाण्याखाली कागद काळा झाला, गुलाबी पाण्याखाली बराच काळवंडला, आणि बावडीच्या पाण्याखाली जवळजवळ कोराच राहिला. सगळ्यांनी आळीपाळीनं वाकून बघितलं. गुलाबी पाणी डोळ्याला गडद दिसतं, पण उजेड जाऊ देतं, आणि बावडीचं फिकं दिसून अडवतं, हे बघून दोघंतिघं पंच माना डोलावू लागले.

मामंजी मान डोलावणारे नव्हते. दरबारात उगाच नाही केस पिकवले. म्हणाले, “गुलाबी सोडा. ननकू कत्थ्यातही, म्हणजे आपल्या विड्याच्या कातात, कापड रंगवतो. कत्थ्याच्या पाण्याखाली कागद कसा राहील?”

इथे एखाद्यानं काही तरी ठोकून दिलं असतं. तिथे कुणाला तपासता येणार होतं? ननकूचं घर, स्वतःचं घर, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं. सूर्याजीरावांनी ननकूकडे बघितलं, मग मामंजींकडे.

“असाच राहील, पंत. कोरा,” ते म्हणाले. “तोही झाडाचाच अर्क. नाही म्हणणार नाही.”

मी खिडकीत होते. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतका आदर वाटला की दोन्हींनी मिळून माझे डोळे भरून आले. मुलीला गोरी करून न देणारा माणूस शेवटी तसाच निघाला. मामंजींनी हात झटकले, म्हणाले, मग विषय संपला. ननकूच्या बायकोनं गाडीत कळशी ठेवली.

तेव्हा आमच्या घराचं मागचं दार उघडलं. सासूबाई सोवळ्यातच बाहेर आल्या, हातात बेलाची बरणी. पुरुषांच्या बैठकीत त्या आयुष्यात कधी आल्या नव्हत्या. मंडळी आपोआप बाजूला झाली, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. त्यांनी बरणी स्वतःच्या हातानं फळीवर, बावडीच्या बरणीशेजारी ठेवली आणि सूर्याजीरावांना म्हणाल्या, दोन्हींखाली नवा कागद ठेवा. बरणीला काळं कापड कसं गुंडाळायचं ते सूर्याजीरावांनी दुरून सांगितलं, सासूबाईंनी गुंडाळलं. मग सगळे उभेच राहिले. कुणी बसलं नाही, आणि ऊन आपलं काम करत होतं.

बरण्या उचलल्या. दोन गोल शेजारी शेजारी, सारखेच कोरे.

“यात ननकूचा हात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फोटोवाल्याचा नाही. बेल मी वेचला, मी धुतला, मी घातला. बावडीचं पाणी माझ्या लाखोलीनं गेलंय. आता कुणाला घराबाहेर काढायचं ते ठरवा.”

मामंजींनी त्या कागदावरच्या दोन्ही गोलांवरून बोट फिरवलं. बायकोच्या सोवळ्यावर शंका घेणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले की ननकूनं गाडीतलं सामान उतरवून घ्यावं. त्याला हात द्यायला सूर्याजीराव लंगडत गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. पुढच्या श्रावणापासून सासूबाईंनी निर्माल्यासाठी बेलाच्या झाडाखाली खड्डा करवून घेतला. मातीत गेलं की पायदळीही येत नाही आणि झाडाचं झाडाला मिळतं, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांनी ठरवलं म्हणजे ओलीनं ठरवलं. तळाचा जुना गाळ उन्हाळ्यात उपसला. त्या कार्तिकात पाणी अगदी पावसाच्या पाण्यासारखं नव्हतं, पिंपळ थोडाच कुणाचं ऐकतो, पण भात पांढरा झाला आणि नवऱ्या मुलींचे दात फोटोत पांढरे आले. ती बेलाची बरणी सासूबाईंनी पानं काढून गच्चीवर ठेवली होती. ज्येष्ठात तिच्यातलं पाणी फिकं झालेलं मी त्यांना दाखवलं, तेव्हा बरणी उन्हाकडे धरून त्या म्हणाल्या, म्हणजे गंगा वरून येते तर. आणि त्यांनी सूर्याला हात जोडले.

पण भोगीच्या त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. मंडळी उठू लागली तेव्हा पंचांतल्या भालचंद्र नावाच्या एका शहाण्यानं टूम काढली. म्हणाला, हा कागद पक्का करा, चौकटीत घालून बावडीवर टांगा, म्हणजे पुढे कुणी लाखोली वाहायच्या आधी बघेल. दोघंतिघं हो हो म्हणाले. ननकूच्या बाजूचेही म्हणाले, पुरावा राहायला हवा, उद्या पुन्हा कुणी शक घेतला तर? बोलणं चुकीचं नव्हतं. सासूबाई पायऱ्यांपाशी थांबल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी मान वळवली नाही.

सूर्याजीरावांनी कागद हातात घेतला होता. औषधाची बाटली शेजारीच होती. त्यांनी कागद औषधात घातला नाही, डबीतही ठेवला नाही. ओट्याच्या कडेला, भर उन्हात, उताणा ठेवला आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. मग सामान आवरत बसले. त्यांची बरणी पुसून होईपर्यंत ते दोन कोरे गोल आधी गुलाबी झाले, मग जांभळे, आणि शेवटी सगळा कागद एकसारखा काळा झाला. भालचंद्र म्हणाला, अहो, पुरावा गेला की. सूर्याजीरावांनी खडे उचलून बाजूला टाकले आणि कागद चुरगळून खिशात घातला.

सासूबाई गेल्यावर खूप वर्षांनी मी त्यांना याबद्दल विचारलं. तोवर त्यांचे हात औषधांनी तपकिरी झाले होते आणि डोळे अधू. मी म्हटलं, सूर्याजीराव, लष्करातल्या सगळ्यांच्या छापा तुम्ही ठेवल्यात, तेवढी एक का नाही ठेवली?

“ठेवली असती तर चौकटीखाली लोकांनी अनसूयाकाकूंचंच नाव वाचलं असतं,” ते म्हणाले. “खरं बोलल्याची शिक्षा माणसाला भिंतीवर टांगून देतात का?”